रिकव्हरीचं सामान: घरात कुठे ठेवायचं, गाडीत कसं न्यायचं

कासारवडवलीला चौदाव्या मजल्यावर राहणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे. त्यांनी नवी थार घेतली आणि सोबत रिकव्हरीचा, म्हणजे चिखलात अडकलेली गाडी बाहेर काढायचा, पूर्ण संच घेतला. त्यात नऊ मीटरचा स्नॅच पट्टा (हिसका देऊन गाडी ओढायचा), दोन बो शॅकल (पट्टा गाडीला अडकवायच्या पिनवाल्या लोखंडी कड्या), दोन सॉफ्ट शॅकल (त्याच कामाच्या, पण दोराच्या), ट्रॅक्शन बोर्डांची जोडी (घसरणाऱ्या चाकाखाली घालायच्या फळ्या), टायरमध्ये हवा भरायचा कॉम्प्रेसर, फावडं आणि हाय-लिफ्ट जॅक (गाडी उंच उचलायचा उभा जॅक) आहे. पहिल्या पावसाळी फेरीनंतर हे सगळं मागे तसंच पडून राहिलं. आता गाडीत कुबट वास येतो, शॅकलवर तांबूस डाग पडलेत आणि घोडबंदर रोडच्या प्रत्येक खड्ड्यात खडखडाट होतो. छतावर कॅरिअर बसवून सगळं वर ठेवावं, की घरी न्यावं? आणि घरी न्यायचं तर फ्लॅटमध्ये ठेवायचं कुठे?

आधी एक करा. खाली पार्किंगमध्ये जा आणि तो पट्टा आजच वर घेऊन या. बाकीचं उत्तर त्यानंतर वाचलंत तरी चालेल.

मी नेरुळला राहतो. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात अवजड यंत्रं उचलायच्या आणि हलवायच्या कामावर सुपरवायझर आहे, म्हणजे रोजचा संबंध खलाशी (जड सामान हलवणारे कामगार), क्रेन, बेल्ट आणि शॅकल यांच्याशीच. २०११ पासून सुट्टीच्या दिवशी गाडी घेऊन चिखलात जातो. कामावर आमच्याकडे एक नियम आहे. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टच्या कलम २९ पासून चालत आलेल्या या नियमाप्रमाणे उचलायच्या कामातली प्रत्येक साखळी, दोर आणि शॅकल-हुकसारखं टॅकल बारा महिन्यांतून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासून घ्यावी लागते आणि त्याची नोंद ठेवावी लागते. तिथे तर यंत्र हळूहळू उचललं जातं. स्नॅच पट्ट्याला आपण धावत्या गाडीचा हिसका देतो. तरीही तो पट्टा वर्षभर ओल्या चटईखाली पडून असतो आणि कुणी उघडूनही बघत नाही. हे मला अजिबात पटत नाही. म्हणून आधी पट्ट्याबद्दल सविस्तर लिहितो, लोखंडाकडे नंतर वळू.

स्नॅच पट्टा नायलॉनचा असतो. तो साधारण वीस टक्के ताणला जातो आणि परत आकसतो, त्या ताणातच गाडी बाहेर काढायची ताकद असते. नायलॉन पाणी पितं आणि ओलं झालं की त्याची ताकद दहा-पंधरा टक्क्यांनी उतरते. वाळल्यावर ती बरीचशी परत येते, त्यामुळे पाण्यापेक्षा पाण्यासोबत आत शिरलेली माती मला जास्त छळते. मुरबाड-शहापूरकडचा लाल चिखल बोटांवर चोळून बघा, मऊ लोण्यासारखा वाटेल. तोच वाळवून पुन्हा चोळा, म्हणजे बारीक कच लागेल. ही कच विणीच्या आत जाऊन बसते. पट्टा ताणला की धागे एकमेकांवर घासतात आणि मधली कच त्यांना आतून कापत राहते. बाहेरून काही दिसत नाही. खाडीच्या किंवा समुद्राच्या पाण्यात पट्टा भिजला असेल तर मिठाचे खडेही हेच काम करतात.

धुवायची पद्धत साधी आहे, फक्त वेळ द्यावा लागतो. मोठ्या टबात साध्या पाण्यात पट्टा रात्रभर भिजत घाला. सकाळी पाणी चहासारखं झालेलं असेल. ते ओता आणि नवीन भरा. हाताने दाबत, उलटापालटा करत पाणी स्वच्छ येईपर्यंत हे करत राहा. माझ्या अनुभवात चार-पाच पाणी लागतात. कार-वॉशवाल्याचा प्रेशर पंप मारू नका, त्याने कच बाहेर यायच्या ऐवजी आणखी आत जाते. कपड्यांची पावडर, ब्लीच, सोडा काहीही नको. चिखलात डिझेल किंवा ऑइल असेल तर हात धुवायच्या साबणाचा थोडा फेस पुरतो.

वाळवायला ऊन नको. अतिनील किरणांनी नायलॉन हळूहळू ठिसूळ होतं. सावलीत, वारा लागेल अशा जागी पट्टा टांगा. फ्लॅटमध्ये आपल्याकडे छताला कपडे वाळत घालायच्या पुलीच्या दांड्या असतात, त्यांवरून दोन-तीन फेरे घ्या आणि खाली पंखा लावा. जुलैमध्ये याला तीन दिवस लागू शकतात. मधला भाग लवकर वाळतो, टोकाचा आय, म्हणजे शिवलेला जाड फास, सगळ्यात शेवटी. तिथे तीन-चार पदर एकावर एक शिवलेले असतात. वाळलाय की नाही हे हाताला नीट कळत नाही. तो भाग रात्रभर वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळून ठेवा. सकाळी कागद दमट लागला तर अजून दोन दिवस टांगा. मी प्रत्येक पावसाळी फेरीनंतर हे करतो. घरचे पहिल्यांदा वैतागतात, मग सवय होते.

आता ठेवायचं कुठे, हा तुमचा मुख्य प्रश्न. जवळपास प्रत्येक घरात पहिलं उत्तर येतं ते ड्राय बाल्कनी. तिथे ठेवू नका. मी ठेवला होता. २०१६ च्या पावसाळ्यात माझा पट्टा ड्राय बाल्कनीतल्या खालच्या फळीवर होता आणि वरच्या फळीवर संडास साफ करायच्या द्रावणाची बाटली होती. अशा बहुतेक द्रावणांत हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं आणि नायलॉनला ॲसिड चालत नाही. बाटलीचं झाकण थोडं सैल होतं. एक ओघळ फळीच्या फटीतून खाली आला आणि वाळून गेला, कुणाच्या लक्षातही आलं नाही. दोन महिन्यांनी फेरीआधी पट्टा तपासायला काढला तेव्हा आयपासून वीतभर अंतरावर तळहाताएवढा भाग किंचित पिवळट दिसला. रंग उडाला असेल असं वाटलं. अंगठ्याच्या नखाने एक धागा उचलून ओढला, तर तो आवाज न करता तुटला आणि नखाखाली भुगा राहिला. त्या पट्ट्याने दोन टनांची गाडी ओढली असती तर काय झालं असतं, याचा विचार मी अजूनही करतो. गाडीच्या बॅटरीतलं ॲसिडही तितकंच वाईट, त्यामुळे जुनी बॅटरी किंवा इन्व्हर्टर ठेवलेल्या कोपऱ्यातही पट्टा नको.

घरात योग्य जागा म्हणजे बेडरूमच्या कपाटाचा वरचा कप्पा किंवा माळा, जिथे भिंतीला ओल येत नाही. पट्टा आठच्या आकड्यासारखा सैल घड्या घालून ठेवा. घट्ट गुंडाळी नको, गाठ तर कधीच नको. वेल्क्रोचा एक पट्टा मध्ये बांधला की पुरे. पिशवी कापडी असावी. संचासोबत येणारी जाड प्लास्टिकची झिपवाली पिशवी दुकानात छान दिसते, पण आपल्या हवेत ती दमटपणा आत कोंडून ठेवते. तुमच्या गाडीतला कुबट वास बहुधा त्याच पिशवीतून येतोय. मी ताडपत्रीवाल्याकडून सुती कॅनव्हासची पिशवी शिवून घेतली. ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात पावसाआधी चौकशी केलीत तर असा शिवणारा सापडेल. डांबरगोळ्या टाकू नका, दोन-चार सिलिका जेलच्या पुड्या ठेवा.

आणि स्टिल्ट पार्किंगमध्ये उभ्या गाडीत पट्टा कायमचा ठेवायचा विचार असेल तर उंदीर-घुशी लक्षात घ्या. वायरिंग कुरतडणारा उंदीर, चिखलाचा आणि सांडलेल्या खाण्याचा वास असलेला पट्टा सोडेल असं समजू नका.

सॉफ्ट शॅकलचं दुखणं वेगळं. त्याचा धागा अतिशय मजबूत, पाणी न पिणारा, पाण्यावर तरंगणारा, पण उष्णतेला कच्चा. साधारण १४५ अंश सेल्सिअसला तो वितळतो, नायलॉन २२० अंशांपलीकडे. चिखलातून काढलेली सॉफ्ट शॅकल तापलेल्या सायलेन्सरजवळ किंवा इंजिनवर वाळत ठेवायची चूक मी दोनदा पाहिली आहे. बाहेरून फक्त एक चकचकीत, कडक ठिपका दिसतो. तो ठिपका म्हणजे वितळून एकमेकांना चिकटलेले धागे. अशी शॅकल टाकून द्यायची.

लोखंडाचं लवकर आटपतं. बो शॅकलवरचे तांबूस डाग वरवरचे असतील तर तारेच्या ब्रशने घासा, कोरड्या फडक्याने पुसा आणि पिनच्या आट्यांना मशीन ऑइलचा एक थेंब लावा. खारी हवा आपल्याकडे खाडीच्या दोन्ही बाजूंना आहे, हे दर पावसाळ्यात करावंच लागणार. खड्डे पडलेला गंज असेल, पिन वाकडी झाली असेल किंवा हाताने शेवटपर्यंत फिरत नसेल, तर ती शॅकल बाद. पिन नेहमी स्वतःच्याच शॅकलमध्ये फिरवून ठेवा, दोन शॅकलच्या पिना अदलाबदल करू नका. अंगावर उठवलेला टनांचा आकडा वाचता आला पाहिजे. १९ मिलिमीटरच्या शॅकलवर बहुधा ४.७५ टन असं असतं. आकडा नाही त्या शॅकलवर भार टाकायचा नाही, हा आमच्या कामावरचा नियम आहे आणि तो मी गाडीलाही लावतो. पट्ट्याच्या लेबलचंही तसंच, ते धुताना निघालं तर फेकू नका, परत शिवून घ्या.

लोखंड आणि कापड एकाच पिशवीत कधीही ठेवू नका. पिनच्या आट्या पट्ट्याला कानशीसारख्या घासतात आणि शॅकलवरचं ऑइल चिखलाला पट्ट्यावर धरून ठेवतं. तुम्ही सांगितलेला खडखडाट म्हणजे हेच चाललंय.

आता गाडीत न्यायचं कसं. २०१४ चा जुलै. मुरबाडच्या पुढे, टोकावड्याच्या आसपास, भातखाचरांच्या कडेने जाणारी बैलगाडीची वाट. आमच्या दोन गाड्या. रिकव्हरीचं सगळं सामान जागा जास्त म्हणून मित्राच्या बोलेरोत भरलं होतं, सगळ्यात आधी, म्हणजे सगळ्यात खाली. त्यावर तंबू, गॅस, तांदळाची गोण, कपड्यांच्या पिशव्या. अडकली नेमकी बोलेरोच. मागची चाकं घसरून गाडी अशी तिरकी बसली की मागचं दार बांधाला टेकलं. बोलेरोचं दार बाजूला उघडतं, ते चार बोटंसुद्धा उघडेना. वरून पाऊस, बांध फुटून खाचराचं पाणी वाटेवर यायला लागलेलं. मित्र मधल्या सीटवरून मागे घुसला आणि एकेक पिशवी पुढे देत राहिला. पट्टा हातात यायला चाळीस मिनिटं लागली. तोपर्यंत पाणी दाराच्या उंबऱ्याला लागलं होतं. त्यानंतर ओढून काढायला जेमतेम पाच मिनिटं. कुणाला काही झालं नाही, पण मित्राची आई सोबत होती आणि त्या चाळीस मिनिटांत तिचा चेहरा जो झाला होता तो मी विसरलेलो नाही.

त्या दिवसापासून मी दोन गोष्टी करतो. सामान सगळ्या गाड्यांत वाटून ठेवतो, निदान एक पट्टा आणि दोन शॅकल प्रत्येक गाडीत. आणि पहिल्यांदा लागणारं सामान मागच्या दाराच्या भरवशावर ठेवत नाही. तुमच्या थारचं मागचं दारही स्पेअर चाकासकट बाजूला उघडतं. गाडी मागून बसली किंवा बांधाला टेकली की ते बंद झालं असंच धरा.

म्हणून एक पहिली पिशवी करा. पट्टा, दोन्ही सॉफ्ट शॅकल, चामडी हातमोजे, डोक्याला लावायचा टॉर्च, आणि घडी घातलेलं एक रिकामं बारदान. पट्टा किंवा विंचचा (गाडीवर बसवलेल्या, दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राचा) दोर ताणला असताना ओली माती भरलेलं बारदान त्यावर मध्यावर टाकलं की काही तुटलंच तर उडणाऱ्या टोकाचा जोर कमी होतो. ही पिशवी डाव्या पुढच्या सीटच्या मागे, मागच्या सीटच्या पायाशी, सीटच्या लोखंडी पायाला पट्ट्याने बांधून ठेवा. पुढचं कुठलंही दार उघडून हात पोचला पाहिजे. घरी एकदा डोळे मिटून काढून बघा, कारण प्रसंग बहुतेक अंधारात येतो. ड्रायव्हरच्या सीटखाली मात्र काहीही नको, ब्रेकच्या पेडलखाली घरंगळलेली एखादी वस्तू पुरेशी असते.

दुसरा डबा लोखंडाचा: बो शॅकल, कॉम्प्रेसर, हवा मोजायचं मीटर, पाने. झाकण लॉक होणारा, उंचीला बुटका, मागच्या सीटच्या पाठीला टेकवून, फरशीवरच्या हुकांना रॅचेट पट्ट्याने आवळलेला. लवचीक बंजी दोरी यासाठी नाही, ती कपडे वाळत घालायच्या कामाची. हिशोब सांगतो. १९ मिलिमीटरची एक बो शॅकल साधारण सव्वा किलोची असते. ५० किलोमीटरच्या वेगात गाडी एकदम थांबली तर सुटी शॅकल सेकंदाला जवळजवळ १४ मीटर वेगाने पुढे जात राहते, आणि पुढे तुमचं डोकं आहे. गाडी उलटली तर ती कुठूनही येईल. याच कारणासाठी मी जमेल तिथे सॉफ्ट शॅकल वापरतो, ती दोनशे ग्रॅमच्या आत असते. डब्यात रिकाम्या जागेत जुनी सतरंजी कोंबली की खडखडाटही जातो.

हाय-लिफ्ट जॅकबद्दल माझं मत स्पष्ट आहे, तो घरी ठेवा. बारा-तेरा किलोचं धूड आहे आणि कंपनीच्या बंपरला तो टेकवायला भक्कम लोखंडी कड नसेल तर उपयोग शून्य, धोका मात्र पूर्ण. दांडा सुटला तर जबडा फोडतो. पुढे योग्य बंपर आणि कुणाकडून तरी हाताने शिकायची संधी मिळाली तर बघा. तोपर्यंत त्याच्या पिना रॉकेलने धुऊन पातळ ऑइल लावून ठेवा, ग्रीस नको, ग्रीसला माती चिकटते.

छतावरचं कॅरिअर. थार मुळातच १.८ मीटरहून उंच आहे. वर वजन चढवलं की उतारावर तिरकी झालेली गाडी कलंडायला आणखी तयार होते, आणि तुम्ही जाणार ते तिरक्या वाटांवरच. शॅकल, जॅक, कॉम्प्रेसर वर कधीच नाही. पट्टाही नाही, उन्हासाठी. ट्रॅक्शन बोर्ड हलके असतात, ते वर चालतील, पण सोसायटीच्या आणि मॉलच्या पार्किंगची उंची आधी मोजा. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली गाडीतल्या बदलांवर बंधनं आहेत, आणि पुढे बसवायच्या क्रॅश गार्डविरुद्ध केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना पत्र पाठवलं होतं. काही बसवण्याआधी आरटीओत विचारा, दुकानदाराच्या ‘सगळे लावतात’वर जाऊ नका. बोर्ड मी मागच्या सीटच्या पाठीमागे उभे ठेवतो, फावडं त्यांच्यामध्ये, पात्याला जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून.

परतीच्या प्रवासाचा विचार लोक करत नाहीत. जाताना सगळं स्वच्छ असतं, येताना चिखलाने लडबडलेलं, आणि तेच तसं डिकीत पडून राहतं. माझ्याकडे वाशीच्या एपीएमसीतून आणलेल्या कांद्याच्या जाळीदार गोण्या असतात. ओला पट्टा आणि सॉफ्ट शॅकल गोणीत, गोणी घमेल्यात, घमेलं बोर्डांशेजारी. पाणी घमेल्यात निथळतं, हवा खेळते, आणि घरी आल्यावर गोणी तशीच उचलून टबात बुडवता येते. चिखल आधी लिफ्टमध्ये आणि मग बाथरूमच्या जाळीत जात नाही, सोसायटीत बोलणीही बसत नाहीत.

रोज ऑफिसला जाताना हा सगळा संच न्यायची गरज नाही. गाडीत कायम राहू दे ते एवढंच: न ताणणारा पॉलिएस्टरचा टो पट्टा, दोन शॅकल, हातमोजे, टॉर्च, पंक्चरचं सामान आणि चमकणारं जॅकेट. घोडबंदरला बंद पडलेली गाडी कडेला घ्यायला टो पट्टाच लागतो, स्नॅच पट्टा नाही. दोन्ही दिसायला सारखे, म्हणून टो पट्ट्याच्या दोन्ही टोकांना मी लाल टेप लावली आहे. न ताणणाऱ्या पट्ट्याने चुकून हिसका दिला तर सगळा झटका थेट हुकावर येतो आणि हुक उखडून उडतो. क्रेनचा बेल्टही पॉलिएस्टरचा, तोही हिसक्यासाठी नाही, कुणी स्वस्तात दिला तरी.

आणि नवं सामान वापरून बघायला येऊरला जाऊ नका. तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. मुरबाड-शहापूर बाजूला कुणाच्या खाजगी जमिनीवर, मालकाला विचारून जा आणि शेताचे बांध मोडू नका.

राहिली तपासणी. मी ती फेरीच्या दोन-तीन दिवस आधी करतो, आदल्या रात्री नाही, म्हणजे काही बाद निघालं तर नवीन आणायला वेळ राहतो. ट्यूबलाइटखाली बसायचं, पट्टा मांडीवर घेऊन हातमोजा न घालता तळहातातून हळूहळू पुढे सरकवायचा, आधी एक बाजू, मग दुसरी. कडेला काप, कडक किंवा चकचकीत जागा, उडालेला रंग, आयजवळच्या शिलाईतला उसवलेला टाका. यातलं काहीही सापडलं तर गाठ मारून किंवा शिवून चालवायचं नाही. वहीत तारीख आणि त्या फेरीत किती वेळा ओढलं तेही लिहितो.

बाद झालेला पट्टा कचऱ्यात तसाच टाकू नका. आमच्याकडे बाद बेल्टचे दोन्ही आय कापून मगच तो स्टोअरमधून बाहेर जातो, नाहीतर दुसऱ्या दिवशी कुणीतरी तोच उचलून भाराला लावतो. २०१६ चा तो पिवळट डागाचा पट्टा मी स्वयंपाकघरातल्या सुरीने असाच कापला. ॲसिड लागलेल्या जागी सुरी लोण्यातून गेल्यासारखी गेली, चांगल्या टोकाला मात्र दहा मिनिटं घासावं लागलं.